मीटिंगमध्ये मौन, टपरीवर अधिवेशन

खाडीपलीकडचा
नमस्कार मंडळी. इतकी वर्षं रोमात (म्हणजे नुसता वाचत) होतो, हा पहिलाच धागा. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

राहतो कळव्यात, नोकरी ऐरोलीत. ज्या टीममध्ये सात वर्षं मान खाली घालून कोड लिहिला, तिचाच दोन महिन्यांपूर्वी लीड झालो. अकरा जण आहेत. पगार जरासा वाढला, खुर्ची तीच राहिली आणि माणसं माझ्याशी बोलायची बंद झाली.

रोज सकाळी साडेदहाला पंधरा मिनिटांची मीटिंग असते. मी विचारतो, "काही अडचण?" अकराच्या अकरा जण म्हणतात, "नाही, सगळं ट्रॅकवर आहे." मागच्या शनिवारी क्लायंटकडे काही बिलं दोनदा धरली जात होती, म्हणून सुट्टी सोडून सगळ्यांना बसावं लागलं. सोमवारी कळलं की ही भानगड तिघांना गुरुवारीच माहीत होती. गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर त्यावर साग्रसंगीत चर्चाही झाली होती.

परवा त्याच टपरीवर गेलो. लांबून पाहिलं तर हातवारे, हशा, एक जण कुणाची तरी नक्कल करत होता (बहुतेक माझीच). मी पोचलो आणि सगळ्यांनी एकदम कटिंगचे ग्लास तोंडाला लावले. कुणीतरी म्हणालं, "काय उकडतंय ना." आधीचा लीड यायचा तेव्हा आम्हीही असेच उकाड्यावर यायचो. मीच आणायचो विषय.

तर प्रश्न असा, की टपरीवरचं बोलणं मीटिंगमध्ये आणायचं कसं? एचआरने "ओपन डोअर पॉलिसी"ची पाटी लावली आहे, पण आमच्या मजल्यावर दारंच नाहीत, सगळा मोकळा हॉल. अनुभव सांगा. पुस्तकी सल्ले नकोत, ते सगळे पीपीटीत बघून झालेत.

पाणीपुरी_परिषद
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. आधी टपरीचा पत्ता द्या. आणि आलं घालतो का?

तिरसट_तात्या
हे ऑफिस कल्चर वगैरे थोतांड आहे. माणसाला वेळेवर पगार द्या, वेळेवर घरी सोडा, महागाईइतकी तरी वाढ द्या. कल्चर आपोआप सुधारतं. ज्यांना यातलं काहीच द्यायचं नसतं ते भिंतीवर "आपण एक कुटुंब आहोत" लिहितात. आमच्या कुटुंबात दर मार्चमध्ये धाकट्या भावाला पाचपैकी दोन गुण देऊन "सुधारणा अपेक्षित" असं सांगत नाहीत.

चिंच_आणि_बोरं
तात्या, +१. पण माझ्या आधीच्या नोकरीत पगार उत्तम होता आणि रोज सकाळी पोटात गोळा यायचा. आताच्या ठिकाणी पगार कमी, झोप लागते. त्यामुळे निम्मं +१.

स्लाइड_नंबर_सात
मी चोवीस वर्षांचा, पहिली नोकरी, महापे. आम्ही बोललो की "आजकालची मुलं उद्धट". नाही बोललो की "ओनरशिप नाही". मीटिंगमध्ये एकदा म्हणालो की ही स्लाइड क्लायंटला कळणार नाही. सिनियर म्हणाले, "तुला किती वर्षं झाली इथे?" सात महिने. खोलीतले नऊ जण हसले. स्लाइड सात नंबरची होती. क्लायंटने विचारलं, सात नंबर परत समजवा. तेव्हा मात्र कुणी हसलं नाही आणि माझ्याकडे कुणी बघितलंही नाही. आयडी तेव्हाच घेतला.

पाणीपुरी_परिषद
स्लाइडराव, आयडीला मुजरा.

मानपाड्याची_मामी
माझं थोडं वेगळं आहे. मी तुर्भ्याला, घर मानपाड्याला. आमच्याकडे खरा निर्णय संध्याकाळी साडेसहानंतर होतो. दिवसभर मीटिंगा चालतात त्या निव्वळ हजेरीच्या. साडेसहाला साहेब खुर्ची मागे रेलून म्हणतात, "चला, आता निवांत बोलू." निवांत त्यांना. मला तुर्भ्याहून ट्रान्स हार्बरची लोकल पकडून ठाणे, तिथून घोडबंदर रोडचं ट्रॅफिक, आणि पाळणाघर साडेआठला बंद. मी उठले की वाक्य ठरलेलं, "हाफ डे का मॅडम?" सकाळी सव्वानऊला मी येते तेव्हा हेच लोक आंघोळ करत असतात.

कायद्याने पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय हवी, २०१७ च्या प्रसूती लाभ दुरुस्तीपासून. आम्ही दोनशेच्या वर आहोत. खोली आहे. तिच्यात जुने प्रिंटर आहेत.

खाडीपलीकडचा, तुमच्या टीममधलं कोण किती वाजता निघतं आणि का, हे तुम्हाला माहीत आहे का? टपरीवर माहीत असतं सगळ्यांना.

तिरसट_तात्या
मामी, तेच तर म्हणतोय. आणि वर २०२३ मध्ये नारायण मूर्तींनी तरुणांना आठवड्याला ७० तास काम करायला सांगितलं. घोडबंदरचे तास धरून मी केव्हाच ७० पार केलेत, माझा सत्कार करा.

जुना_फिटर
मी १९८६ साली रबाळ्याकडच्या एका रसायन कारखान्यात लागलो. तेव्हा ही लोकल नव्हती, ती २००४ ला आली. ठाण्याहून कंपनीची बस असायची आणि दिघ्यापासूनच नाकाला रुमाल. भोपाळच्या वायुकांडाला दोनच वर्षं झाली होती. १९८७ मध्ये फॅक्टरी कायद्यात दुरुस्ती झाली. धोक्याच्या कारखान्यात सेफ्टी कमिटीवर कामगारही हवेत असं आलं, आणि धोका दिसला तर वर सांगणं हा कामगाराचा हक्क म्हणून ४१एच कलम आलं. कायदा चांगला होता.

आमच्याकडे शिफ्ट इन्चार्जच्या टेबलावर एक वही आली. लाल कापडी बांधणी, वर "निअर मिस". म्हणजे अपघात होता होता टळला तर इथे लिहा. पहिल्याच आठवड्यात एका ऑपरेटरने लिहिलं, "दोन व्हॉल्व्हचे टॅग अदलाबदल झाले आहेत. काल रात्री मी चुकीचा उघडणार होतो." दुसऱ्या दिवशी त्याच्या हातात मेमो, "निष्काळजीपणाबद्दल ४८ तासांत खुलासा करावा." झालं. पुढची चार वर्षं त्या वहीत प्रत्येक पानावर एकच शब्द, "निरंक". आमच्याइतका सुरक्षित कारखाना जगात नसेल.

मग नवे प्लांट मॅनेजर आले. वही मागवली, पानं चाळली, काही बोलले नाहीत. आठवड्याभराने वहीत त्यांच्या अक्षरात नोंद, "आज मी गॉगल न लावता अ‍ॅसिडच्या टँकरपाशी गेलो. हेल्परने पाहिलं, पण बोलला नाही. त्याने मला हटकायला हवं होतं." खाली सही. वही टेबलावरून उचलून कॅन्टीनमध्ये पाण्याच्या पिंपाशेजारी टांगली. दीड महिना कुणी हात लावला नाही. मग मी लिहिलं, बॉयलरमागच्या शिडीची तिसरी पायरी हलते. दुपारी पायरीला वेल्डिंग झालं आणि माझ्या नोंदीपुढे लाल पेनाने लिहिलं होतं, "झालं", तारीख आणि वेळ. शाबासकी नाही, भाषण नाही. वर्षात वही भरली. तर हेड ऑफिसकडून पत्र, तुमच्या प्लांटमध्ये एकाएकी धोके कसे काय वाढले?

खाडीपलीकडचे, राग मानू नका, एक विचारतो. तुमच्या मीटिंगमध्ये शेवटचं कुणी अडचण सांगितली, तेव्हा तुम्ही काय केलंत?

चिंच_आणि_बोरं
फिटरकाका, दंडवत. वाचनखूण साठवली आहे.

सलाईन_आणि_चहा
काकांच्या हेड ऑफिससारखंच. एमी एडमंडसन नावाच्या हार्वर्डच्या बाईंनी नव्वदच्या दशकात रुग्णालयांतल्या औषधांच्या चुका मोजल्या. अपेक्षा अशी, की चांगल्या टीममध्ये चुका कमी असतील. आकडे उलटे आले, चांगल्या टीमच्या नावावर चुका जास्त! खोदल्यावर दिसलं, की तिथे चुका जास्त होत नव्हत्या, सांगितल्या जास्त जात होत्या. बाकीच्या वॉर्डांत झाकल्या जात होत्या. त्यातून १९९९ साली त्यांनी टीमची मानसिक सुरक्षितता (चूक किंवा शंका बोललो तरी कुणी धारेवर धरणार नाही ही खात्री) ही कल्पना नीट मांडली.

मी ठाण्यात एका हॉस्पिटलमध्ये स्टाफ नर्स आहे. रात्री दोन वाजता डॉक्टरांना फोन करून "सर, डोस दहापट लिहिलाय का?" विचारायला काय लागतं ते सांगते. हात थरथरतो. पहिल्या फोनला "तुला कळतं का?" ऐकलं की पुढच्या वेळी आपण स्वतःशीच म्हणतो, असेल बरोबर.

विमानवेडा
अवांतर, पण अगदीच अवांतर नाही. २७ मार्च १९७७, टेनेरीफ बेट, दोन जंबो विमानं धावपट्टीवर एकमेकांवर आदळली. ५८३ माणसं गेली. दाट धुकं होतं. त्यातल्या केएलएम या डच कंपनीच्या विमानाचा कॅप्टन टेकऑफला निघाला, तेव्हा मागे बसलेल्या फ्लाइट इंजिनियरने विचारलं होतं, ते दुसरं विमान अजून धावपट्टीवरून हटलं नाही का? कॅप्टन ठासून म्हणाला, हटलंय. कॅप्टन म्हणजे कंपनीच्या जाहिरातीत फोटो असलेला माणूस, इतरांना शिकवणारा. इंजिनियरने परत विचारलं नाही. कारणं इतरही होती, रेडिओवरचा गोंधळ, भाषा, वगैरे. पण अशा अपघातांनंतर कॉकपिटमधल्या कनिष्ठांनी कसं हटकायचं आणि कॅप्टनने ते कसं ऐकायचं याचं रीतसर प्रशिक्षण सुरू झालं. म्हणजे हटकणं हासुद्धा शिकवण्याचा विषय आहे.

अनामिक_कारकून
खासगीवाल्यांचं मौन तोंडी असतं, आमचं लेखी असतं. सरकारी फाइलीवर टिपणी वर जाते. खालच्याने जर खरंखुरं लिहिलं, की "सदर काम नियमात बसत नाही", तर साहेब समासात तीन शब्द लिहितात, "कृपया चर्चा करावी." चर्चा म्हणजे काय, तर केबिनमध्ये बोलावून, "जाधव, ते वाक्य काढा." (जाधव काल्पनिक.) नवी टिपणी, जुना कागद गायब. चर्चेत काय झालं ते फाइलीत कधीच नसतं. तीस वर्षांत असे शेरे पाहून पाहून नवीन पोरं आता आधीच साहेबांना काय हवंय ते विचारून टिपणी लिहितात. कार्यक्षमता वाढली म्हणायची.

मात्र एक साहेबीणबाई आल्या होत्या. त्या फाइलीवर लिहायच्या, "मी सहमत नाही, कारण पुढीलप्रमाणे." आणि सही. खालच्याचं मत तसंच राहायचं, त्यांचंही. कोण चूक ते पुढे ज्याला बघायचं त्याने बघावं. त्या दोन वर्षांत आमच्या टेबलावरची माणसं पहिल्यांदा विचार करून टिपण्या लिहू लागली. मग बदली.

पाणीपुरी_परिषद
"कृपया चर्चा करावी" हे मी आता बायकोच्या खरेदीच्या यादीवर लिहिणार आहे.

चिंच_आणि_बोरं
पाणीपुरी, लिहा आणि मग "मी सहमत नाही, कारण पुढीलप्रमाणे" वाचायला तयार राहा.

खाडीपलीकडचा
सगळ्यांचे आभार, इतके प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं.

फिटरकाका, तुमचा प्रश्न काल रात्रीपासून डोक्यात आहे. खोटं कशाला बोलू. लीड झाल्यावर पहिल्या आठवड्यात एक मुलगी मीटिंगमध्ये म्हणाली होती, "ही तारीख जमणार नाही, टेस्टिंगला निदान चार दिवस हवेत." माझा वरचा मॅनेजर त्या दिवशी कॉलवर होता. मला वाटलं, पहिल्याच आठवड्यात माझी टीम रडकी दिसतेय. मी म्हणालो, "मला प्रॉब्लेम नको, सोल्यूशन घेऊन ये." हे वाक्य मी कुठल्याशा ट्रेनिंगमध्ये ऐकलं होतं आणि फार आवडलं होतं. ती "ओके" म्हणाली. त्यानंतर ती रोज म्हणते, सगळं ट्रॅकवर आहे. शनिवारचा घोळ झाला तो टेस्टिंगला चार दिवस न मिळाल्यामुळेच.

वाक्य एकच होतं हो. दहा सेकंदांचं.

जुना_फिटर
मेमोही एकच होता.

तिरसट_तात्या
आता मात्र मी गप्प बसतो. धागाकर्त्याने जाहीर कबुली दिली, हे या संस्थळावर दुर्मिळ आहे.

मानपाड्याची_मामी
"सोल्यूशन घेऊन ये" ही तर राष्ट्रीय समस्या आहे. सोल्यूशन असतं तर ती तुमच्याकडे कशाला आली असती, स्वतःच नसतं केलं?

स्लाइड_नंबर_सात
तिला सॉरी म्हणा. मनापासून सांगतो. माझ्या सिनियरने अजून म्हटलं नाही, आणि मी अजून वाट बघतोय.

घणसोलीचा_गण्या
मी एका वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत आहे. टोयोटाच्या अँडन दोरीची गोष्ट सगळे मॅनेजर सांगतात, कामगार दोरी ओढून लाईन थांबवू शकतो वगैरे. अर्धीच सांगतात. दोरी ओढली की आधी टीम लीडर धावत येतो. ठरावीक टप्प्यापर्यंत सुटलं तर लाईन चालूच राहते, नाही सुटलं तरच थांबते. म्हणजे ती दोरी मुळात लीडरला बोलवायची आहे. आमच्याकडे दोरीची हौस म्हणून लाल बटण बसवलं, पण दाबल्यावर यायला माणूसच नेमला नाही. दाबलं की दिवा लागतो, बझर वाजतो, सगळे त्या बिचाऱ्याकडे बघतात. आता बटणावर सेलोटेप आहे.

सलाईन_आणि_चहा
सेलोटेप, हाहाहा. आमच्या वॉर्डच्या कॉल बेलवर कापसाचा बोळा आहे.

वाकडी_वाट
सर्व्हे हा विषय कुणीच कसा काढला नाही? आमच्याकडे दरवर्षी "संपूर्ण निनावी" सर्व्हे येतो. मन मोकळं करा म्हणतात. पहिले चार प्रश्न: विभाग, शहर, वयोगट, स्त्री की पुरुष. आमच्या वाशी शाखेत हिशेब विभागात पन्नाशीपुढची बाई एकच आहे, मी. मी लिहिलं, "प्रवासखर्चाची बिलं तीन-तीन महिने अडकतात." पंधरा दिवसांनी वरिष्ठ हसत हसत म्हणाले, "मॅडम, बिलांचं थेट मला सांगायचं ना!" यंदा मी तिशीतला पुरुष, नाशिक असं भरणार आहे.

अनामिक_कारकून
नाशिकच्या तिशीतल्या पुरुषाचं काय होईल याचा विचार केलात का?

कोरी_पाटी
एक विचारायचं होतं, इथे विचारू का माहीत नाही. आमच्याही टपरीवर एक गोष्ट सगळ्या मुलींना माहीत आहे, ऑफिसात मात्र कुणालाच नाही. एक सिनियर आहेत. कपड्यांवर शेरे, "आज काय पार्टी वाटतं", खांद्यावर हात. नवीन मुलगी आली की आम्ही तिला चहाला नेतो आणि सांगतो, त्यांच्यासोबत एकटी थांबू नकोस. मला हे पूर्वी मैत्रीपूर्ण वाटायचं, आपण नव्या मुलींना सांभाळतोय असं. हा धागा वाचून वाटलं, आम्ही सांभाळतोय ते त्या सिनियरनाच.

वकिलीणबाई_नौपाडा
कोरी पाटी, इथेच विचारलंत ते बरं केलंत. हे "ऑफिसचं वातावरण" या सदरात टाकून सोडून देण्यासारखं नाही, कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळावर वेगळा कायदा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९७ च्या विशाखा निकालानंतर सोळा वर्षांनी, २०१३ साली तो झाला. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती हवी. अध्यक्ष तिथलीच वरिष्ठ स्त्री, निम्म्याहून कमी स्त्रिया चालत नाहीत, आणि एक सदस्य बाहेरचा. तक्रार लेखी, घटनेपासून तीन महिन्यांच्या आत. सबळ कारण असेल तर समिती अजून तीन महिने देऊ शकते. चौकशी नव्वद दिवसांत. अनेक घटना असतील तर मुदत शेवटच्या घटनेपासून मोजतात, हे पुष्कळ जणींना माहीत नसतं.

आज करायचं काम: तारखा लिहून काढा. कोण, काय, कुठे, समोर कोण होतं. टपरीवर जे तोंडी आहे ते वहीत येऊ दे. आणि समितीची नावं ऑफिसात दर्शनी लावणं बंधनकारक आहे. लावली आहेत का बघा. व्यक्तिगत निरोप केलात तर पुढचं बोलू, इथे तपशील नकोत.

कोरी_पाटी
नोटीस आहे. पॅन्ट्रीत, मायक्रोवेव्हच्या मागे. तीन नावांपैकी दोघी नोकरी सोडून गेल्यात. निरोप केलाय. धन्यवाद ताई.

चिंच_आणि_बोरं
कोरी पाटी, आम्ही आहोत.

घंटाळीचा_घंटानाद
आता मी एक भांडण लावतो. तुम्ही सगळे मीटिंग, सर्व्हे, कायदा बोलताय. मुळात आपल्या भाषेतच घोळ आहे. इंग्रजीत सगळ्यांना यू. आपल्याकडे साहेब म्हणजे "अहो", पंचावन्न वर्षांचा शिपाई "अरे", आणि साफसफाईच्या बाई "मावशी". आमच्या साहेबांचा मुलगा इंटर्न म्हणून आला, बावीस वर्षांचा, पहिल्या दिवशी शिपायाला म्हणाला, "ए, पाणी आण." शिपाई त्याच्या वडिलांपेक्षा मोठे. ज्या ऑफिसात हे चालतं तिथे माणूस मीटिंगमध्ये तोंड उघडेल?

मानपाड्याची_मामी
"मावशी"त काय वाईट? आम्ही प्रेमाने म्हणतो.

घंटाळीचा_घंटानाद
मामी, तुमच्या मावशींचं नाव काय?

मानपाड्याची_मामी
...थांबा.

मानपाड्याची_मामी
विचारून आले. मुद्दाम संध्याकाळी थांबले. त्यांचं नाव सुगंधा. सहा वर्षं माझा डबा धुतात. मी विचारल्यावर आधी घाबरल्या, "काय झालं मॅडम, काही गेलं का?" नाव विचारलं म्हणजे चोरीचा आळ, हा त्यांचा अनुभव. मी पुढे काय बोलू मला कळेना. "मावशी म्हणू की सुगंधाताई?" तर म्हणाल्या, "मावशीच म्हणा, पण रजेच्या अर्जावर नाव बरोबर लिहायला सांगा. सुनंदा लिहितात, पैसे कापले जातात."

तिरसट_तात्या
पगारावरच आलं शेवटी.

मानपाड्याची_मामी
हो तात्या. आलं.

रात्रीचा_पक्षी
रात्री साडेअकराला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर "जस्ट अ थॉट" म्हणून मेसेज टाकणाऱ्या बॉसबद्दल कुणी बोलणार आहे का? तीन निळ्या टिका दिसल्या की पुढचा मेसेज, "हू इज अवेक?"

वकिलीणबाई_नौपाडा
सुप्रिया सुळेंनी डिसेंबर २०१८ मध्ये लोकसभेत यावर खासगी विधेयक मांडलं होतं, कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याच्या हक्काचं. कायदा झाला नाही. फ्रान्समध्ये २०१७ पासून आहे.

पाणीपुरी_परिषद
अवांतर: तीन निळ्या टिका? दोन असतात ना?

रात्रीचा_पक्षी
साडेअकराला मला तीन दिसतात.

विमानवेडा
धागा वर काढतोय. खाडीपलीकडचा, पुढे काय झालं? तीन आठवडे झाले. पुढील भागाच्या प्रतीक्षेत.

खाडीपलीकडचा
हो, लिहायचं राहिलं. मध्ये विटाव्याच्या पुलाखाली पाणी भरलं, दोन दिवस घरूनच काम.

तर असं. आधी त्या मुलीला सॉरी म्हणालो. एकटीला केबिनमध्ये नाही (केबिन नाहीच), मीटिंगमध्येच, सगळ्यांसमोर, कारण बोललो होतो ते सगळ्यांसमोर. म्हणालो, "तू चार दिवस मागितले होतेस, मी तुला गप्प केलं, आणि शनिवार त्यामुळे गेला." ती नुसती "इट्स ओके" म्हणाली. बाकीचे लॅपटॉपमध्ये बघत होते. मला वाटलं होतं काहीतरी भारी घडेल. काहीही घडलं नाही. टपरीवर त्या दिवशी माझी नवी नक्कल झाली असणार.

मग फिटरकाकांची वही. आमच्याकडे कॅन्टीनचं पिंप नाही, म्हणून एक साधी शेअर केलेली शीट केली, "होता होता वाचलं" नावाची. पहिली नोंद माझी: "मंगळवारी चुकून खऱ्या डेटाबेसवर कमांड चालवणार होतो, एंटर दाबायच्या आधी दिसलं." दोन आठवडे शीटमध्ये मी एकटाच. पाच नोंदी, पाचही माझ्या. माझ्या मॅनेजरने विचारलं, तू बरा आहेस ना?

"काही अडचण?" विचारणं बंद केलं. आता विचारतो, "या आठवड्यात सगळ्यात कच्चं काय वाटतंय?" नाही म्हणायला जागाच नाही त्यात. पहिल्या दिवशी विनोद झाले, "कॅन्टीनची पोळी" वगैरे. चालू दिलं.

काल. टीममधला सगळ्यात कमी बोलणारा मुलगा, दोन वर्षांत त्याचा आवाज मी चार वेळा ऐकला असेल. मॅनेजर कॉलवर. मी पुढच्या महिन्याची तारीख वाचून दाखवली आणि तो म्हणाला, "सर, ही तारीख खोटी आहे."

"खोटी" म्हणाला. "अवघड" नाही, "टाइट" नाही.

माझ्या तोंडात दोन वाक्यं तयार होती. एक तर ते सोल्यूशनवालं. दुसरं, "मग आधी का नाही बोललास?" दोन्ही गिळली. मोजून सांगत नाही, पण बराच वेळ शांतता होती, एसीचा आवाज येत होता. मग मी म्हणालो, "किती खोटी?" तो म्हणाला, "नऊ दिवसांनी." आणि का ते सांगायला लागला. मग ती मुलगी बोलली. मग अजून एक जण. मॅनेजर नाराज झाला, संध्याकाळी मला वेगळा फोन आला, तो किस्सा नंतर. तारीख सहा दिवसांनी पुढे गेली. तीन दिवसांचं काय करायचं माहीत नाही.

शीटमध्ये आज सकाळी सहावी नोंद आहे. माझी नाही.

जुना_फिटर
पुढे "झालं" लिहा. तारीख, वेळ घाला. आजच.

स्लाइड_नंबर_सात
तुमच्याकडे जागा आहे का?

तिरसट_तात्या
मॅनेजरच्या फोनचा किस्सा टाका. आणि पोरांना त्या शनिवारची बदली रजा दिलीत का?

खाडीपलीकडचा
अरे हो. नाही. उद्या मागतो.

पाणीपुरी_परिषद
सगळं झालं, पण टपरीचा पत्ता अजून आला नाही.

खाडीपलीकडचा
देणार नाही. तिथे मी जायचं बंद केलंय, त्यांना बोलू दे. गेटच्या डाव्या हाताला दुसरी टपरी आहे, लीड लोक तिथे जातात. आलं घालत नाही.